केमिस्ट्रीतला ‘बी’

लीड्सच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आणि तिच्या केमिस्ट्रीच्या बाई बसल्या होत्या.

“मिस, परवा मेडिकलचे अर्ज बंद होतायत आणि जूनच्या परीक्षेचा अंदाज म्हणून तुम्ही मला ‘बी’ लिहिलाय! ‘ए’शिवाय मुलाखतीलासुद्धा बोलावत नाहीत.”

“चाचण्यांत ‘बी’च मिळतोय तुला, रोवेना.”

“लिओनीलाही तेवढेच मार्क आहेत. तिला ‘ए’ दिलात.”

“तुला दिला तर स्टाफरूममध्ये काय म्हणतील?”

“स्टाफरूमला डॉक्टर व्हायचंय का?”

“पाय आपटू नकोस. ऊठ, आपला स्टॉप आला.”

“हो, मिस.”

“शाळा सुटली गं. आता तरी आई म्हण.”

“तुम्ही आई आहात म्हणूनच तर ‘बी’ मिळाला, मिस.”