जुनी किल्ली

किल्लीवाल्याच्या टपरीपुढे एक नर्सबाई कपाटाची किल्ली करून घ्यायला थांबल्या होत्या. पुढे एक म्हातारी आणि तिची लेक उभी होती. दोघींचं बोलणं कानांवर पडू नये म्हणून नर्सबाईंनी मान वळवली, पण कान कुठे वळतात?

"दाराचं कुलूप बदलायचंय. आजच," लेक म्हणाली.

"किल्ली हरवली का, ताई?"

"हरवली नाही. भावाकडे आहे. काल तुरुंगातून सुटला तो."

"म्हणजे तो पेट्रोलपंपाच्या खुनातला? जन्मठेपेचा?"

"तोच. वरच्या कोर्टाने अचानक सोडलं. पकडताना खिशातलं जमा केलेलं सगळं परत दिलं म्हणे. त्यात घराची किल्ली."

"इतकी वर्षं तेच कुलूप?"

"आईने बदलू दिलं नाही."

"वाटायचं गं, येईल कधीतरी."

"आता आला ना, आई! घरात माझ्या दोन मुली आहेत."

"मी कुठे नाही म्हणतेय? बदल."

"हे घ्या, आजी, एकदम मजबूत. जुनी किल्ली आत शिरणारसुद्धा नाही."

म्हातारीने ते कुलूप हातात घेतलं आणि हळूच परत ठेवलं.

"आत शिरेल असं दे, बाबा. शिरेल, पण फिरणार नाही."

"मग जुनं कुलूप ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं घ्या. दिसायलाही तसंच मिळेल. पण असं कशाला, आजी?"

"दाराशी उभा राहील ना, तेव्हा किल्ली गंजली असं वाटू दे त्याला. आईने कुलूप बदललं, असं नको."