चुकलं की पहिल्यापासून

—नाही, तो फोन आधी खिशात घाला बघू. मला नका दाखवू तुमचं ते वेळापत्रक. अहो, गिटार विकायची आहे एवढंच आम्ही कळवलं होतं, आणि तुम्ही परीक्षेला बसल्यासारखे तयारी करून आलात — काय तर म्हणे, उठल्यावर बोटांचा व्यायाम, मग स्केल, मग कॉर्ड बदलायचा सराव, आणि उरलेल्या वेळात गाणं. उरलेल्या वेळात! हे कुणी डोक्यात भरवलं तुमच्या? ह्यांनीच ना, फोनवर एका हाताने निरोप लिहून? वाटलंच मला. ते बघा, गॅलरीत आपल्याकडे पाठ करून बसलेत, पेपर वाचतोय असं दाखवतायत — पान मघापासून तेच आहे — त्यांचीच अट ती. ज्याचा रोजचा सराव शिस्तीत असेल त्यालाच गिटार द्यायची. पोटची मुलगी देताना तरी इतकी चौकशी करतात का कुणी?

बसा. तिथे नको, ती ह्यांची सरावाची खुर्ची. तिला पाठ नाही, हात नाहीत, मुद्दाम तशी आणली — का? तर माणूस सैलावतो म्हणे. तुम्ही दातांचे डॉक्टर ना? मग मला एक सांगा, दात ठणकतोय म्हणून आलेल्या माणसाला तुम्ही महिनाभर नुसता आ करायचा सराव देता का? नाही ना? आमच्याकडे दिला असता. जन्मभर बसच्या आगारात वेळापत्रकं आखली ह्यांनी, कुठली गाडी कधी सुटायची, कुठे किती थांबायची, आणि घरी येऊन त्या बिचाऱ्या गिटारचीही बस करून टाकली. आधी तारा जुळवणं, मग बोटं, मग ते टकटक करणारं यंत्र लावून वरखाली, वरखाली, तेच दळण — आणि शेवटचा थांबा गाणं. बरं, तिथवर तरी पोचावं? तर नियम काय — चुकलं की पहिल्यापासून! एक बोट घसरलं की गाडी परत आगारात. आणि करंगळी घसरायचीच, वरच्या जाड तारेवर खर्रकन वाजायचं — मी काही ऐकत बसत नव्हते हो, मला काय त्यातलं कळतंय, मला माझी कामं होती. फक्त गाण्याची वेळ जवळ आली की नळ तेवढा बंद करायचे. आमच्या नळाला आवाज फार आहे, म्हणून.

काय म्हणालात? कुठलं गाणं म्हणजे? एकच तर होतं. आमचं लग्न ठरायच्या आधी हे आमच्याकडे आले होते गिटार घेऊन, केस असे मागे वळवलेले, भारी ऐट. माझ्या भावाने आग्रह केला, वाजवा की काहीतरी. वाजवलं. छान चाललं होतं हो, मी दाराशी उभी होते — आणि ऐन मध्यावर घोडं अडलं. कानापर्यंत लाल झाले. जाताना मला हळूच म्हणाले, जरा सराव करतो आणि अख्खं ऐकवतो तुला. मी हो म्हटलं. म्हणजे, लग्नालाही म्हटलं, पण आधी गाण्याला. झालं, तेव्हापासून सराव चाललाय! मुलं झाली, शिकली, लांब गेली, ह्यांची बोटं अजून तयार होतायत. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, चला, आता वेळच वेळ. तर ह्यांनी स्केल वाढवले! मग तो झटका आला आणि डावा हात गेला. आता बसा म्हणावं. राग येतो मला, खरंच सांगते, आजारी माणसावर रागावू नये हे कळतं, तरी येतो — वाढलेलं ताट समोर ठेवून जन्मभर हातच धूत बसला हा माणूस, आणि मी आपली समोर बसलेली.

कसं होतं ते? छे हो, मी काय गाणार या वयात. असं काहीतरी होतं — हं हं हं, हं हं — असं, आणि मग वर जायचं. का हसताय? तुम्हाला येतं? शिकायला बसलं की सगळ्यात आधी हेच शिकवतात? हेच?... तीन कॉर्ड. नुसत्या तीन?

अहो, ऐकलंत का, हे डॉक्टर काय म्हणतायत? ...नाही ऐकणार. पेपरात फार महत्त्वाची बातमी आलीय.

उठा. उठा म्हणते ना, त्याच खुर्चीत बसा. काढा ती खोळीतून. तारा जुळवत नका बसू, कालच जुळवल्यात ह्यांनी उजव्या हाताने, मान वाकडी करकरून — विकायची वस्तू, तिच्या तारा कशाला जुळवायच्या ते त्यांनाच माहीत. तो बोटांचा व्यायाम नको, यंत्र नको. सरळ गाणं. वाजवा.

...हं. हेच. हेच होतं. इथेच ते — अं? चुकलं? ऐका ती काठी, आपटली बघा गॅलरीत! "पहिल्यापासून!" म्हणे. तोंडातून धड शब्द फुटत नाही, पण हा बरोबर फुटतो! तुम्ही नका ऐकू त्यांचं. पुढे जा. चुकलं तर चुकलं, मला काय कळतंय, पुढे चला, डॉक्टर — थांबायचं नाही — आपटा काठी, काय आपटायची ती आपटा! पुढे—

...

थांबलात का?

संपलं?

एवढंच? मला वाटायचं, मध्यानंतर केवढं तरी असेल. अहो... अहो, एवढंच होतं हो ते. करंगळी घसरली असती तरी चाललं असतं मला. मला कुठे कळणार होतं?

वळा ना इकडे.

...डॉक्टर, घेऊन जा ती गिटार. हो, तुम्हालाच दिली, अट नाही काही. पैशांचं मागाहून फोनवर बोलू. ती खोळ घ्या. नाही, त्यांचा निरोप नका घेऊ, त्यांना आता पाहुणा नको आहे. जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या, मला तिकडे जायचंय.