गेला समजा

चहा थंडा झाला तं होऊ द्या, पन हे आयका. धाकटीच्या सोयरिकीसाठी मी पुण्याले गेलतो न, तं पोराचा बाप मले पाहुणा म्हणून थेट गोल्फ खेळाले घेऊन गेला. एवढं हिरवंगार गवत, अन् चराले एक ढोर नाही! मी काठी फिरवली तं माहा बॉल झाडात. त्याचा भोकापासून हातभर. त्यानं तो उचलला अन् म्हणाला, "हा गेला समजा."

"काऊन समजा? जाऊ द्या न!"

"इतक्या जवळचा सोडून देतात हो."

"आमच्या चिखलीत नाही सोडत."

त्यानं बॉल परत ठेवून मारला, अन् तो भोकाच्या बाजूनं निघून गेला. तोंड उतरलं त्याचं. म्हटलं, सोयरीक गेली तं जाऊ दे, खेळ म्हंजे खेळ.

मंग तिथंच चहा पेताना तो म्हणाला, "मुलगी पसंत आहे आम्हाला. जमलं समजा."

मोठीच्या वेळी अशाच एका 'समजा'नं आपल्याले वर्षभर लटकवलं होतं. म्या म्हटलं, "समजा नाही. साखर काढा!"

त्यानं टेबलावरची साखरेची पुडी फाडली, माह्या तोंडात ओतली अन् इचारलं, "आता गेला का बॉल?"

म्या म्हटलं, "हाव, आता गेला."