आठ बिघे गिळणारी लेन्स

अबोला पाळावा तर आमच्यासारखा. शेजारच्या भिकाने माझा हातभर बांध नांगरून घेतला, तेव्हापासून नऊ वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

मग माझा भाचा नाशिकहून आमच्या गावी, कोरीटला आला. कॅमेऱ्याला दुधीभोपळ्याएवढी लेन्स लावून रस्त्यावरूनच सातपुडा काढत बसला. मी म्हटलं, "डोंगर दूर शे, जवळ जाय ना!"

"मामा, ही लेन्सच दूरचं जवळ ओढते."

ओढलं मेल्याने! फोटो गावभर मोबाईलवर फिरला. मागे सातपुडा भिंतीसारखा उभा, आणि पुढे मी अन् भिका मांडीला मांडी लावून बसलेले. खरं तर भाच्याला रस्त्यावर सोडून मी वावरात, अलीकडच्या बांधावर जाऊन बसलो होतो आणि भिका पलीकडच्या. मधे माझं आठ बिघे वावर.

पारावर जो तो म्हणे, "आप्पा, भिकासंगे जमी गयं वाटतं!"

तडक भिकाच्या दारात गेलो. "मी तुन्हासंगे बोलत नही, समजनं का?"

"मी तरी कोठे बोली ऱ्हायनू?"

"मंग फोटोम्हा मन्हाजोडे कसा बसना?"

"तूच मन्हाजोडे बसना!"

आम्ही बोलत नाही, हे तासभर एकमेकांना ओरडून सांगितलं. शेवटी भिकाने फोटो डोळ्यांजवळ धरला. "आप्पा, तुन्हं वावर कोठे गयं?"

बघतो तर खरंच नव्हतं. भिकाने नऊ वर्षांपूर्वी हातभर बांध खाल्ला होता, भाच्याने आठ बिघे गिळले.

आता मी भाच्याशी बोलत नाही.