बायजा पिझ्झाची चव

खा ना हितेशशेठ, थांबलात का? — गार झाला? दुसरा लावतो, ओव्हन तापलेलाच हाय — न्हाय? बरं. ‘बायजा पिझ्झा’, आमच्या आईच्या नावावरनं — बायजाबाई, ती काय आत बसलीय. पहिली गाडी मानकोली नाक्यावर, गोडाऊनच्या शिफ्टवाल्यांसाठी. मग हे भिवंडीचं दुकान, मग गणेशपुरी. तांदळाच्या पिठाचा बेस, वर कॉर्न, पनीर, चिकन, इथे तर सुरमईचा पण — आख्ख्या तालुक्यात कोण देत होता? आता हे एकच राहिलंय. तुम्ही घेतलंत तर उभं राहील, न्हायतर पुढच्या महिन्यात शटर खाली. खोटं कशाला बोलू?

हां, फोनवर पण म्हणालात तुम्ही — गणेशपुरीचीच चव पाहिजे, तरच पुढचं बोलणं. तुमच्या आईंना घेऊन यायचात, दर्शन झालं की — आठवतंय ना. रेसिपी? रेसिपी हाय ना, कुठे जातेय — टोमॅटो, मिरची, थोडा गूळ... शेठ, गणेशपुरीत गिऱ्हाईक नव्हतं म्हणालो ना मघाशी? खोटं होतं ते. रांग लागायची. मीच बंद केलं, एका दिवसात.

सॉस घरून जायचा, आई करायची. एकदा बघितलं मी — सगळ्यात शेवटी डब्यातनं चिमूटभर काढलं, हातावर चुरलं, टाकलं. सुका जवळा. आणि गणेशपुरीच्या दुकानाची पाटी काय? शुद्ध शाकाहारी! तुमच्यासारखे ती वाचूनच आत यायचे. म्हटलं, आई, ही मच्छी हाय ना गं? तर म्हणते, मच्छी कुठे, चवीला हाय. आमच्यात वांगं असो, भोपळा असो, त्याच्याशिवाय भाजी उतरत न्हाय — तिला ते मिठासारखं, शेठ. तिच्या मनात पाप न्हाय हो.

या तुमच्या पिझ्झात न्हाय, तिची शपथ — त्या दिवसापासनं कुठल्याच सॉसात टाकला न्हाय, म्हणून तर लोक तुटले. काल तुमचा फोन आला, तेव्हा जवळ्याचा डबा घेतला होता हातात. टाकला असता तर आज बोलणं पक्कं झालं असतं. न्हाय झालं माझ्याच्यानं.

ओरडा, माझ्यावर ओरडा, पण बाहेर चला, रस्त्यावर. तिला सांगितलं न्हाय मी. म्हटलं, म्हातारी झालीस, सॉस आता मी करतो. तिला वाटतं, तिचा हात बिघडला म्हणून दुकानं बसली. रोज विचारते, धनेश, माझंच चुकलं का रे — काय न्हाय गं आई! शेठना आवडला म्हणतात! — जा शेठ. जा तुम्ही आता.