वेगळंच-आहे काकूंचं तोंड

...आणि वर मलाच म्हणतात, "ये, दोन शब्द बोल!" अहो, काय बोलू? चर्चच्या तळघरात लांबलचक टेबलाभोवती बायका बसल्यात, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक बिनतोंडाची कापडी बाहुली, हातात सुई, आणि आता थोड्याच वेळात या सगळ्याजणी मिळून माझ्या सासूबाईंचं तोंड शिवणार, सासूबाई स्वतः देखरेखीला उभ्या, आणि हे तिथे फक्त मला ठाऊक! अशा वेळी दोन शब्द कुठले सुचणार? मला 'आग लागली' एवढेच दोन सुचत होते.

तरी मी नाव नव्हतं घेतलं कुणाचं. हे आधीच सांगून ठेवते.

मी पॅटर्न विकते, बाहुल्या नव्हे. सगळ्यांचा तिथेच घोळ होतो. बाहुली मी एकच शिवते, फोटोपुरती; विकते तो तिचा कागद. डोकं असं कापा, हात उलटवा, इथे शिवण मोकळी सोडा, त्यातून कापूस भरा... तुम्ही घरी शिवायचं, बिघडलं की मला शिव्या घालायच्या, असा सगळा व्यवहार. माझा नवरा कर्ट, स्वभावाने अगदी गाय, तो अजूनही लोकांना सांगतो, "आमची मारेन बाहुल्यांचे नकाशे काढते."

आधी मी ससे काढायचे. पऱ्या काढायचे. कुत्रं विचारत नव्हतं! सगळं जग ससेच विकत बसलंय हो. मग एके दिवशी सकाळी सासूबाई आल्या. त्या लिवला, माझ्या मुलीला, सांभाळायला येतात, म्हणून तर मला मशीनपाशी बसायला मिळतं. नाहीतर तीन वर्षांचं पोर आणि उघडी कात्री एका खोलीत... नकोच ते! तर आल्या, कोट काढला, स्वयंपाकघरात गेल्या, सिंककडे बघितलं. ओठ मिटले, ओठांचा एक कोपरा जरासा आत गेला... आणि मग एकदम गोड आवाजात, "अगं, भांडी भिजत घातलीस होय? वेगळंच आहे हं!"

आता आमच्या मिनेसोटात 'वेगळंच आहे हं' म्हणजे काय, ते इथे जन्माला आलेल्यालाच कळतं. इथे वाईट कुणी कुणाला म्हणतच नाही! करपलेला केक वेगळा असतो, जावयाची दाढी वेगळी असते, शेजारणीचा घटस्फोट वेगळाच असतो. अहो, त्यापेक्षा भांडा ना! एकदा कडाकडा बोला आणि मोकळ्या व्हा! पण छे. नुसता तो कोपरा आत जातो, आणि मी पुढचे चार दिवस भांडी घासत बसते.

मग मी काय केलं, त्या रागात ते तोंड कापडात उतरवलं. पांढऱ्या लोकरीचे केस, अंगात स्वेटर, हातात हॉटडिशचं, म्हणजे आमच्या इथल्या घरोघरच्या ओव्हनमधल्या खिचडीचं, झाकलेलं भांडं. नाव ठेवलं 'वेगळंच-आहे काकू'. आणि खपल्या की हो काकू! ओहायोहून, मॅनिटोबाहून बायका लिहायला लागल्या, "अय्या, ही तर माझीच सासू!" मी मनात म्हटलं, घ्या, म्हणजे ही सगळ्यांचीच आहे. आणि आर्डिसबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, कुठे बसल्यात इंटरनेट बघायला? शिवाय नाव मी नव्हतं घेतलं कुणाचं...

कर्टने दाखवला फोटो. आईला. कौतुकाने!

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाल्या, "किती गोड गं! कोण आहे ही?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

इतक्या घाईने म्हटलं की लिवसुद्धा खेळायची थांबली. पण सासूबाईंनी तेवढ्यात फोन उचलला होता. त्या आमच्या चर्चच्या शिवणमंडळाच्या अध्यक्ष. दर वर्षी हिवाळ्याआधी मंडळ एकच वस्तू मिळून शिवतं आणि चर्चच्या विक्रीला ठेवतं. गेल्या वर्षी भांडी धरायचे कापडी मोजे होते, यंदा... "लव्हॉन, ऐक, यंदा माझ्या सुनेची बाहुली! हो, हो, तिनेच काढलेली! शिकलेली आहे गं ती, आर्ट कॉलेजात!" एकेकीला फोन. प्रत्येकीला 'माझी सून'. मी शेजारी उभी, आणि प्रत्येक 'माझी सून'ला दोन दोन इंच जमिनीत जातेय.

मी प्रयत्न केला हो! म्हटलं, "आर्डिस, ससा करू या का? ससा सोपा असतो." तर म्हणाल्या, "ससे कोणीही करतं, बाळा. ही बाहुली तुझी आहे."

आता मला सांगा, या बाईला खरं कसं सांगायचं? आणि दुखावली तर? येणं बंद झालं तर? माझं काम गेलं खड्ड्यात, पण लिव रोज सकाळी दाराशी जाऊन बसते त्यांची वाट बघत.

तर... तळघर. कॉफीचं मोठं पिंप उकळतंय, खोबऱ्याच्या वड्या फिरतायत, आणि पॅटर्नमधली सूचना मोठ्याने वाचायला कोण? आर्डिसबाईच! चर्चमध्ये बायबलचा पाठ त्याच वाचतात, आवाज खणखणीत. माझ्या मागे उभं राहून अगदी तसंच वाचलं, "दोरा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. पुन्हा आत घाला. डोक्याच्या मागून ओढा. काकूंना कुणाच्या तरी सिंकमधली भांडी दिसली आहेत असं वाटेपर्यंत... ओढत राहा."

कुठून लिहिलं मी ते! विनोदी लिहायला गेले होते हो!

आणि बायका ओढायला लागल्या. सगळ्या एकदम! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक कोपरा आत जातोय... एकेक तोंड जागं होतंय...

"अजून ओढू का गं?" लव्हॉनकाकूंनी विचारलं. आणि हातातल्या बाहुलीकडे बघितलं. मग मान वर करून समोर बघितलं. मग शेजारणीला कोपर मारलं. शेजारणीनेही आधी बाहुली बघितली, मग समोर. सगळ्याजणी माझ्या दिशेला बघतायत, आणि माझ्या बरोब्बर मागे सासूबाई. संपलं, म्हटलं. ओळखलं. मी मनातल्या मनात गाव सोडलं, सामानसुद्धा बांधलं.

"छान झालंय हो," लव्हॉनकाकू अगदी जपून म्हणाल्या, "जरा... वेगळंच आहे हं!"

तेवढ्यात लिव टेबलाखालून बाहेर आली, त्यांच्या मांडीवरची बाहुली उचलली, नीट न्याहाळली, आणि अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असं म्हणाली, "मम्मा!"

मी म्हटलं, "काय गं?"

तर म्हणते, "तू नाही. ही मम्मा."

अहो, काय हसल्या! लव्हॉनकाकूंच्या नाकातून कॉफी आली! "आम्ही म्हणणार नव्हतो हो, पण पोरच बोललं!" आणि माझ्या खांद्यावर हात पडला, सासूबाईंचा.

"मी फोटोतच ओळखलं होतं, बाळा. म्हटलं, पोरगी स्वतःवर हसतेय, केवढं मोठं मन लागतं त्याला! आपण कशाला बोला?" मग जरा हळू आवाजात, "मी आले की तू हे असं तोंड करतेस ना, मला वाटायचं, हिला माझं येणंच आवडत नाही. दोनदा कर्टला म्हणालेसुद्धा, येऊ की नको. आज वाचताना कळलं बघ. भांड्यांचं होतं होय ते!"

मोठं मन! माझं! मी तोंड उघडलं... आणि मिटलं. समोरच्या सगळ्या बाहुल्यांनी मिटलं होतं तसंच.

आता ते तोंड मी काढलं कसं, ते सांगते, म्हणजे तुम्हीही हसून घ्या. आम्ही बाहुलीवाल्या चेहरा आरशातून काढतो. रडकी बाहुली हवी? आरशासमोर रडायचं आणि दिसेल ते गिरवायचं. मी आरशासमोर बसून सासूबाईंची हुबेहूब नक्कल केली, आणि दिसेल ते गिरवलं. हे कळायला तीन वर्षांचं पोर लागलं! सासूबाई फक्त माझ्या डोक्यात होत्या हो, आरशात मीच. आणि मी मेली शपथा घेत फिरतेय, नाव नव्हतं घेतलं कुणाचं!

खरं अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? ते तर गावभर सोफ्यांवर बसलंय.

आता सासूबाईंची फर्माईश आहे, "पुढची बाहुली माझ्यावर काढ. लाजू नकोस, जशी आहे तशी काढ." आणि बसतात हो समोर, लिवला मांडीवर घेऊन, तासन्‌तास, हसऱ्या चेहऱ्याने. मी पेन्सिल धरून त्यांचा तो आत गेलेला कोपरा शोधतेय... शोधतेय... सापडतच नाही. मधूनच त्या विचारतात, "काय गं, अशी तोंड वाकडं करून काय बघतेस?"