शेणखताचा मुहूर्त

आल्प्समधल्या आमच्या खोऱ्यातला दवाखाना. बाकावर डाव्या काठचा कॅथलिक गिएरी आणि उजव्या काठचा प्रोटेस्टंट लुत्सी, दोघेही ऐंशीचे.

"यंदाही आमच्या मिरवणुकीच्याच दिवशी शेणखत पसरलंस ना रे, लुत्सी?"

"तू दर गुड फ्रायडेला, आमच्या सर्वांत पवित्र दिवशी पसरतोस, त्याचं काय?"

"पाखंड्यांना तोच वास शोभतो."

"पाचशे वर्षांपूर्वी आमचा धर्मोपदेशक तुमच्याकडेच निघाला होता. पुरात पूल वाहून गेला, म्हणून तुम्ही कॅथलिक राहिलात."

"देवाची कृपा."

"आता नवा पूल झालाय. माझा नातू रोज तुझ्या नातीकडे, उर्सिनाकडे जातो. लग्न तुमच्या चर्चमध्ये लावणार म्हणे?"

"कुठल्याच चर्चमध्ये नाही. मंगळवारी, नोंदणी कचेरीत."

"काय सांगतोस."

"हो ना."

"कचेरीमागचं शेत तुझंच ना, गिएरी?"

"माझंच."

"मग मंगळवारी दोन गाड्या खत माझ्याकडून."